कबुतरांची जाळी

लोक परदेशात लेकीकडे जाताना चकल्या नेतात; विद्याधररावांनी पुण्याहून आयर्लंडमधल्या मेनूथला कबुतरांची जाळी नेली. कबुतरांनी त्यांच्या बाल्कनीचा पार उकिरडा करून टाकला होता, तेव्हापासून नुसता पंख दिसला तरी त्यांचं डोकं फिरायचं. मेच्या पहिल्या आठवड्यात, एका पावसाळी दुपारी, अनुयाच्या घरी वरच्या खिडकीबाहेर त्यांना विष्ठेचे दोन ठिपके दिसले. झालं! स्टुलावर उभं राहून, खिडकीतून हात वर करून त्यांनी छपराखालची फट जाळीनं गच्च बंद केली आणि शीळ घालत खाली आले.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि एक काळपट पक्षी त्या जाळीवर येऊन आपटू लागला. धडकायचा, किंचाळत लांब फेरी मारायचा, पुन्हा यायचा. त्यांनी टाळ्या वाजवल्या, टॉवेल फडकावला. पक्षी हटेना. तिसऱ्या दिवशीही तेच. पेपरात लक्ष लागेना, चहा घशाखाली उतरेना. घरात नुसत्या येरझाऱ्या.

"कबूतर असं करत नाही गं," ते म्हणाले.

अनुया लिक्सलिपला कामावर निघाली होती. "बाबा, प्लीज. तुम्ही त्या स्टुलावर परत चढू नका, बास."

चौथ्या सकाळी शेजारच्या नोरीनबाई कुंपणाशी आल्या. त्यांनी इंग्रजीत, सावकाश सांगितलं, "स्विफ्ट, पाकोळ्या आहेत त्या. आफ्रिकेतून येतात, दरवर्षी त्याच फटीत. हिवाळाभर जोडी वेगवेगळी असते, भेटते ती इथेच. तुम्ही जाळी लावलीत ना, त्याच दिवशी सकाळी मी एकीला आत जाताना पाहिलं होतं. बाहेर आलेली काही दिसली नाही."

लेकीची ताकीद विसरून विद्याधरराव वर धावले आणि स्टुलावर चढले. स्वतःच मारलेल्या गाठी सुटता सुटेनात, तेव्हा स्वयंपाकघरातली कात्री आणून जाळी कापली. कोपरापर्यंत हात आत घातला. गवत, धूळ, आणि मग काहीतरी उबदार.

तिला काही वजनच नव्हतं. लांब पंख मिटलेले, इवल्या नख्या त्यांच्या बोटात रुतलेल्या.

"फेकू नका!" नोरीनबाई खालून ओरडल्या. "खाली पडली तर तिला उडता येणार नाही. खिडकीबाहेर हात धरा, तिची ती जाईल."

ते हात पसरून उभे राहिले. जन्म पाखरं हाकलण्यात गेला आणि आता ही जाईना. "जा गं बाई," ते पुटपुटले, "चुकलो मी, जा." दंड भरून आला. एकाएकी ती घसरली, दगडासारखी खाली गेली, आणि नोरीनबाईंच्या डोक्यावरून वर उसळली.

संध्याकाळी अनुया आली तेव्हा बाबा खिडकीतच होते. नऊ वाजत आले तरी उजेड होता. एक पाकोळी सरळ आली आणि फटीत शिरली. दुसरी तीनदा फटीपर्यंत आली आणि तीनदा वळली.

"कोंडलं त्या जागी कोण परत येईल?" ते म्हणाले.

चौथ्या फेरीला ती आत गेली.

"हुश्श!" अनुया म्हणाली. "आता तरी जेवणार ना, बाबा?"

कापलेली जाळी गुंडाळून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि ते हात धुवायला गेले.