खंडेनवमीची रेघ

रेघ नखाला लागत नव्हती. समोरून पाहिलं तर दिसतही नव्हती. खिडकीकडे पाठ करून झडपेच्या अंगावर तिरपा उजेड पडू दिला, की तेवढ्यापुरती उमटायची: केसाएवढी बारीक, झडपेच्या पोटाभोवती पूर्ण फिरलेली, आणि रंगानं कांद्याच्या सालीच्या आतल्या पदरासारखी, फिकट तांबूस. मोहिनी गांगुर्डे ती रोज सकाळी पाहत असे. ती पुसली गेली असेल असं तिला वाटत नव्हतं. तरी पाहत असे.

"रोज काय तिचं तोंड बघता, मॅडम?" चहाचा ट्रे घेऊन आलेली सिंधुबाई म्हणाली. "लग्न ठरलंय का तिचं?"

"उद्या पाहुणे येणारेत बघायला."

"मग पावडर लावा की थोडी."

मोहिनीला हसू आलं. "पावडरचीच आहे ती सगळी, सिंधुबाई."

ते खरंच होतं. नाशिकबाहेर सिन्नरच्या रस्त्याला, जिथून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, तिथे एका राष्ट्रीय प्रयोगशाळेचं हे छोटं केंद्र होतं. मैद्यासारखी बारीक स्टीलची पावडर बंद पेटीत पसरायची, लेझरनं हवा तेवढाच भाग वितळवायचा, त्यावर पुन्हा पातळ थर, पुन्हा लेझर. असे हजारो थर साचले की अखंड वस्तू उभी राहते. ही झडप अणुभट्टीला संकटकाळी गार पाणी पुरवणाऱ्या नळासाठी होती. ओतीव झडप मागवली तर वर्ष-दीड वर्ष वाट पाहावी लागते. ही पंधरवड्यात तयार झाली होती. केंद्राची पहिलीच. मोहिनीनं तिच्यापायी सहा वर्षं घातली होती. धातूंची परीक्षा हे तिचं काम, त्यामुळे झडप पास की नापास हे सांगण्याचा शेवटचा अधिकारही तिचाच होता.

रेघ कुठून आली यात काही गूढ नव्हतं. काम अर्ध्यावर असताना खंडेनवमी आली. केंद्राचे प्रमुख शेखर देवरे मूळचे सटाण्याकडचे. त्यांचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात टर्नर होते, आणि वडिलांनी खंडेनवमीला आयुष्यात कधी लेथ फिरवली नव्हती. त्या दिवशी हत्याराला विश्रांती आणि हत्याराच्या धारेला कुंकू. देवरेंनी ती रीत इथेही चालवली. मोहिनीनंही आपल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला झेंडू वाहिला, मात्र बाहेरून. शेजारच्या हॉलमध्ये आरतीची घंटा वाजत होती, तेव्हा एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. छपाईच्या यंत्रात धारेची म्हणावी अशी एकच वस्तू असते, पावडर सपाट करणारं पातं. आणि ते आत असतं.

देवरेंनी यंत्रावरच्या दिनेशला यंत्र थांबवायला लावलं, दार उघडायला लावलं आणि पात्याला बोटानं कुंकू लावलं. तापलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून आत भरलेला आरगॉन वायू बाहेर गेला, हवा आत शिरली, तापलेला धातू निवला. कुंकवाचे दोन-चार कण पावडरवर पडलेही असतील. मग दार लागलं, यंत्र पुन्हा सुरू झालं आणि सगळ्यांना पेढे मिळाले.

एक्स-रेत काही निघालं नाही. पण एक्स-रेला पोकळी दिसते. दोन थर नुसते एकमेकांना टेकलेत की खरोखर जडलेत, ते त्याला कळत नाही. ते कळायला वस्तू कापावी लागते, आणि कापल्यावर ती उरत नाही. पावडर संपली होती; नवी उन्हाळ्याच्या तोंडाशी येणार होती. प्रकल्प नाशिकला ठेवायचा की दक्षिणेत हलवायचा, हे दिल्लीहून येणारे पाहुणे उद्या ही झडप बघून ठरवणार होते. म्हणून देवरेंनी जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तेव्हा मोहिनी म्हणाली, "बघू." दसरा झाला, दिवाळी झाली. बघू.

दुपारी देवरे तिच्या खोलीत आले.

"मॅडम, प्रमाणपत्राचं काय?"

"बघू."

"अहो, आता कधी बघणार? उद्या फुलं येतील, नारळ येईल, पाहुणे येतील."

"सर, तुम्हाला काय वाटतं? ती जडलीय?"

"एक्स-रे क्लीन आहे."

"मी एक्स-रेचं नाही विचारलं."

देवरेंनी खुर्ची ओढून घेतली. माणूस वाईट नव्हता. केंद्राला पाणी मिळावं म्हणून त्यानं एमआयडीसीचे उंबरे झिजवले होते. "हे बघा, ही काही लगेच भट्टीत बसत नाही. आधी चाचणीच्या नळावर बसेल. फुटायची तर तिथे फुटेल. चाचणी असते कशाला मग?"

"त्या नळात प्रचंड दाबाखालचं तीनशे अंशांचं पाणी असतं. आणि बाजूला माणसं असतात."

"भिंतीपलीकडे असतात."

"आणि फुटली नाही तर?"

"मग उत्तमच की!"

"उत्तम कसलं? मग अर्धवट जडलेली चालते, हे आपणच दाखवून दिलेलं असेल. पुढे कुठेही कोणी दार उघडेल आणि म्हणेल, नाशिकच्यांची चालली होती."

देवरेंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे शेवटी सगळं माझ्या कुंकवावर आणून ठेवणार तुम्ही."

"कुंकवाबद्दल माझं काही म्हणणं नाही, सर. दाराबद्दल आहे."

"प्रकल्प गेला तर ही पोरं कुठे जातील? दिनेश कंत्राटी आहे. आणि तुमची सहा वर्षं? ती पाण्यात घालायची?"

"माझी वर्षं मला ठाऊक आहेत."

"मग सही करा ना!"

"बघू," ती म्हणाली, आणि शब्द तोंडातून सुटला तशी स्वतःवरच चिडली.

संध्याकाळी ती स्कूटर काढत होती तेव्हा दिनेश फाटकापाशी थांबला होता. छपाईचं यंत्र तोच चालवायचा. नांदगावकडचा, घरी एक लहान मुलगी, कामाला चोख.

"मॅडम, एक बोलू? सही करून टाका."

"तुलाही तेच वाटतं?"

"मला लय भीती वाटती. कापलं आन् आत काही निघालं, तर सगळे म्हणतील दिनेशनं दार उघडलं. बटन मीच दाबलं ना."

"आणि काही निघालं नाही तर?"

"तरी झडप गेलीच की. तरी नाव माझंच."

"दार उघडलं होतं, एवढं मी सांगेन. कोणाच्या सांगण्यावरून, ते देवरे सर सांगतील."

"आन् नाय सांगितलं तर?"

"मग तेही मी सांगेन. त्यांच्यासमोर."

दिनेशनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही? कँटीनच्या भाजीत मीठ नसलं तरी तुम्ही बोलत नाय."

"मीठ वरून घालता येतं, दिनेश."

दुसऱ्या दिवशी कापायच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. छापलेली वस्तू खालच्या जाड प्लेटला चिकटलेलीच बाहेर येते; ती सोडवायला तिथे आडवा काप घ्यावा लागतो. फीत कापण्याऐवजी पाहुण्यांसमोर हाच काप घ्यायचा, ही देवरेंची कल्पना. यंत्रावर पितळेची बारीक तार ताणलेली होती. पाण्यात ठिणग्या पाडत ती स्टील कापते. प्लेट तिच्या एका कडेवर उभी करून बांधली होती आणि झडप तिच्यापासून आडवी बाहेर आली होती. कोणीतरी तिला झेंडूची माळ घातली होती. माळ नेमकी रेघेवर बसली होती.

यंत्रावर कापकाम करणारा ज्ञानेश उभा होता. दिनेश मागे भिंतीला टेकून. दिल्लीचे मुख्य अधिकारी पुढच्या खुर्चीत बसले. ते मराठीच होते, वऱ्हाडातले, त्यामुळे देवरे मोकळेपणानं बोलले. वडिलांची लेथ, नाशिकची कारागिरी, सगळं आलं. शेवटी म्हणाले, "गुणवत्तेचं प्रमाणपत्र मॅडमकडून यायचंय, पण ती आता निव्वळ औपचारिकता आहे."

मोहिनी उठली. खुर्चीचा आवाज झाला तो तिच्याच कानाला मोठा वाटला. ती यंत्रापाशी गेली आणि झडपेवरची माळ काढून बाजूला नारळाशेजारी ठेवली.

"हाई काय चाली राहिनं?" देवरे पुटपुटले. अहिराणी त्यांच्या तोंडी फक्त घरी यायची.

"काही अडचण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो. काम अर्ध्यावर असताना यंत्राचं दार उघडलं गेलं. जिथे काम थांबलं तिथे झडपेला रेघ आहे. इकडून, उजेड तिरपा घेऊन बघा."

ते उठून आले, वाकले, मान इकडेतिकडे केली. "एक्स-रे?"

"त्याला हे दिसत नाही. कापूनच कळेल. मी हिला प्रमाणपत्र दिलेलं नाही."

"दार कोणी उघडलं?"

दिनेश स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. मोहिनी देवरेंकडे वळली. तिनं नजर हलवली नाही. आता बोलायची पाळी त्यांची होती, आणि ती त्यांना तेवढा वेळ देणार होती. पण त्याहून जास्त नाही.

तिनं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात देवरे म्हणाले, "मी. खंडेनवमीला. मी सांगितलं म्हणून पोरानं उघडलं."

दिनेशनं मान वर केली.

"हं," अधिकारी म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. "मॅडम, तुम्ही सांगितलंत हे चांगलं झालं. पण मी स्पष्ट बोलतो. ही कापलीत, तर आज मला वर दाखवायला काही उरत नाही. आणि दाखवायला काही नसेल तर प्रकल्प इथे राहील, असा शब्द मी देऊ शकत नाही. नोंद करून ठेवू, झडप तशीच राहू द्या. निवांत ठरवा."

"तेच म्हणतोय मी," देवरे हलकेच म्हणाले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "राहू द्या, मॅडम. बघू पुढे."

तिचाच शब्द त्यांच्या तोंडून आला. तो इतका गुळगुळीत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तो शब्द धरून ती दसऱ्यापासून इथपर्यंत आली होती, आणि अजून कितीही महिने जाऊ शकली असती. झडप कपाटात राहिली असती, रेघ झडपेवर राहिली असती, आणि एखाद्या दिवशी दुसऱ्याच कोणाच्या तरी सहीनं ती कपाटातून निघाली असती.

"मॅडम," ज्ञानेशनं चाचरत विचारलं, "प्लेटपासून सोडवायचा काप लावून ठेवलाय. सुरू करू, का बंद करू यंत्र?"

"बंद नको करू," मोहिनी म्हणाली. "तो काप काढून टाक आणि दुसरा लाव. माथ्यापासून प्लेटपर्यंत, रेघेला छेदून, मधोमध. दोन तुकडे कर तिचे."