वरचा पाईप गार

डॉक्टरीणबाईंची गाडी तिसऱ्यांदा आमच्या गॅरेजात आली ती दोरीने ओढत. पुढे कुणाचा तरी ट्रॅक्टर, मागे बंद गाडीच्या स्टेअरिंगवर त्या, तोंड फुगवून. जनावरांच्या डॉक्टर आहेत त्या. उतरल्या आणि म्हणाल्या, "माझे पेशंट बोलत नाहीत, तरी दुसऱ्या भेटीत मला दुखणं सापडतं. तुमची ही तिसरी भेट."

"तुमचे पेशंट निदान लाथ तरी मारतात," मी म्हटलं. "कुठे दुखतंय ते कळतं."

त्या हसल्या नाहीत. चढावर इंजिन तापून वाफा निघाल्या होत्या आणि पलीकडच्या वस्तीवर एक गाय अडलेली होती. "गाय वाचली. वासरू गेलं," त्या म्हणाल्या आणि त्याच ट्रॅक्टरवर बसून निघून गेल्या.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गेले काही महिने माझं असंच चाललंय. दात काढताना सुई दिल्यावर गाल बधिर होतो, तसं. गाल आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही.

गॅरेज बाबांचं. ते गेल्यावर माझ्या हातात पाना दिला तो दादाने. बाई गाडीखाली झोपून काम करणार म्हटल्यावर काही गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली होती. दादा म्हणाला, "ज्याला चालत नसेल त्याने गाडी ढकलत पुढच्या गॅरेजात न्यावी." एकानेही ढकलली नाही. असा माझा दादा. गाडी दारात शिरतानाच आवाजावरून दुखणं ओळखणारा, आणि अलीकडे हातातला पाना हातातच असताना सगळीकडे शोधणारा. जेवून उठल्यावर "आज जेवायला नाही का?" विचारणारा.

वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "त्यांच्यापाशी एक शब्द काढू नकोस. गॅरेज सुटलं तर हा माणूस उभा राहायचा नाही." वहिनीचं खरं होतं. पण दादा नुसती झाकणं आणि पाईप बदलत नाही, ब्रेकही करतो. बोलावं तर माझा भाऊ जाणार, न बोलावं तर कुणाचा तरी जीव. या दोन्हींच्या मध्ये मी इतके दिवस उभी होते, की शेवटी काही वाटायचंच बंद झालं. सकाळी उठायचं, काम करायचं, झोपायचं. हात चालत होते, तेवढं बस.

दादाने बॉनेट उघडलं. पहिल्या वेळी त्यानेच रेडिएटरचं सैल झाकण बदललं होतं, आणि हात लावलाच आहे तर म्हणून थर्मोस्टॅटही नवा घातला होता. दुसऱ्या वेळी पंख्याचा स्विच बदलला. आता तो म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय. हेड उघडायचं."

हेड उघडायचं म्हणजे अर्धं इंजिन सोडवून ठेवायचं. हेडखालचं सील, ते गॅस्केट, गेलंच असेल तर गत्यंतर नाही, पण नसेल गेलं तर पोट दुखतंय म्हणून डोक्याला टाके घालण्यासारखं ते.

"उघडण्याआधी मी एकदा बघू?"

"बघ की. बघायला कुणाची परवानगी लागते?" दादा म्हणाला आणि मागच्या दाराने घरात जेवायला गेला. आमचं घर गॅरेजच्या पाठीलाच आहे.

मी आधी इंजिन ऑइलची पट्टी ओढून बघितली. ऑइल स्वच्छ. गॅस्केट गेलं की पाणी ऑइलमध्ये शिरतं आणि सगळं दुधट होतं, तसं काही नव्हतं. रेडिएटर भरला, झाकण उघडंच ठेवून गाडी चालू केली आणि पाण्याकडे बघत उभी राहिले. बुडबुडे नाहीत. मागच्या नळीतून पांढरा धूर नाही. म्हणजे गॅस्केट ठणठणीत होतं.

झाकण लावलं. काटा हळूहळू वर चढायला लागला. आत बसून हीटर लावला तर तोंडावर गरम हवेचा झोत आला, म्हणजे पंप पाणी फिरवत होता. मग खाली उतरून इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा वरचा जाड पाईप चाचपला.

गार होता. काटा लाल पट्टीला टेकायला आलेला आणि पाईप गार. गरम पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरत होतं, रेडिएटरकडे निघतच नव्हतं. रेडिएटर थंड म्हणून पंखाही फिरत नव्हता. बिचाऱ्या स्विचचा काय दोष? वाटेत एकच दार असतं, थर्मोस्टॅट. तेच बंद होतं, आणि तेही नवंकोरं.

गाडी बंद केली आणि निवेपर्यंत बाजूला बसून राहिले. काहीच विचार केला नाही. मग पाना घेतला.

थर्मोस्टॅटच्या घराला दोन बोल्ट असतात. दोन्हींवर पांढऱ्या रंगाची रेघ होती. ही आमच्या गॅरेजची पद्धत. बोल्ट शेवटचा आवळला की ज्याने आवळला त्याने वर रंगाची रेघ मारायची. दादाची पांढरी, माझी पिवळी. "गाडी परत आली तर कुणाचा कान धरायचा ते कळलं पाहिजे," असं तो म्हणायचा. कान नेहमी माझाच धरला जायचा.

बोल्ट काढून ताटलीत टाकले आणि घर उघडलं. थर्मोस्टॅटची स्प्रिंग माझ्याकडे बघत होती.

ती माझ्याकडे बघायला नको होती. स्प्रिंगखाली मेणाची कुपी असते, ती इंजिनातल्या गरम पाण्यात बुडली पाहिजे. मेण तापून फुगलं की दार उघडतं. उलटा बसवला तर मेण थंड बाजूला पडून राहतं, आणि दार उघडलं तरी फार उशिरा. दादाने मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. चहाच्या पातेल्यात पाणी उकळून, त्यात थर्मोस्टॅट सोडून, माझ्या डोक्यात टपली मारत त्याने घोकून घेतलं होतं, "स्प्रिंग कुणाकडे? इंजिनाकडे."

मी स्प्रिंगवरचं पाणी चिंधीने पुसलं. पुसून झाल्यावर परत पुसलं.

"सापडलं काय?" दादा हात पुसत आला, वाकला, आणि खो खो हसायला लागला. "अगं बाई! हा कुठल्या गाढवाने बसवलाय? नक्की आधीच्या गॅरेजवाल्याने. अशांच्या हातात पाना देण्याआधी परीक्षा घेतली पाहिजे, ठमे. पहिलाच प्रश्न, स्प्रिंग कुणाकडे?"

ठमी म्हणजे मी. दादाला मनापासून हसू येत होतं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मागच्या दारात वहिनी चहाचे कप घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

"मी बसवला, दादा."

हसणं थांबलं. "तू?"

"घाईत होते."

"तू उलटा बसवलास?"

"हो. आणि पिवळा रंग संपला होता."

रंगाचं त्याने अजून विचारलंच नव्हतं. आता त्याने ताटलीतला एक बोल्ट उचलला आणि दाराच्या उजेडात धरला. रेघेवरून अंगठा फिरवला. मग दुसरा उचलला.

"चहा गार होतोय," वहिनी म्हणाली. कुणी कप घेतला नाही.

"ठमे, तुला खोटं बोलता येत नाही," दादा म्हणाला. "लहानपणापासून येत नाही. प्रश्न यायच्या आधी तुझं उत्तर तयार असतं."

तो भिंतीशी पडलेल्या टायरवर बसला. मला वाटलं आता ओरडेल, मग वाटलं ओरडला तर बरं होईल. तो हातातल्या बोल्टांकडे बघत राहिला.

"थर्मोस्टॅटचा खोका फोडला ते आठवतं," तो म्हणाला. "आत घातला ते नाही आठवत. अजिबात नाही."

"आणखी काय काय आठवत नाही?"

"आता ते मला कसं कळणार?"

वहिनी पुढे आली. "अहो, वयाचं असतं हे. कामाच्या गडबडीत कुणाचंही होतं."

"तू थांब जरा," तो तिला म्हणाला, रागावून नव्हे. मग माझ्याकडे वळला. "माझ्या हातच्या ब्रेकच्या गाड्या. या महिन्यातल्या. सगळ्या परत बोलाव. तू उघडून बघ. मी हात लावणार नाही."

"लोकांना काय सांगू?"

"जे आहे ते. आणखी काय सांगणार?" त्याने बोल्ट ताटलीत ठेवले. "कुठल्या कुठल्या होत्या ते मात्र तुलाच सांगावं लागेल. बोल."

मी गाड्या आठवायला लागले. सगळ्यात अलीकडची तोंडावर आली. "शाळेची व्हॅन," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता दोघांनीही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शाळा सुटायची वेळ झाली होती.

मी व्हॅनवाल्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला भीती वाटली. चांगली दणदणीत भीती.

"बोला ताई," व्हॅनवाला म्हणाला. मागे मुलांचा कालवा चालला होता. "गेटवरच आहे, निघतोय आता."

"निघू नकोस. आहेस तिथेच थांब."

"का हो? काय झालं?"

"मुलांना खाली उतरव. सगळ्यांना. ब्रेक बघायचेत, मी येतेय."

तो काहीतरी कुरकुरला, मग दार सरकल्याचा आवाज आला आणि "ए, उतरा रे सगळे" असं मुलांना ओरडलेलं ऐकू आलं. मी फोन ठेवला. पाने गोळा करायला लागले, तर हातातून खाली पडले.

दादा टायरवरून उठला. एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

"मी येऊ का?" त्याने विचारलं.

या गॅरेजात त्याने आजवर कुणाला असं विचारलं नव्हतं. मला रडू फुटलं. लहान मुलासारखी मी तिथेच उभी राहून रडले, आणि तो पडलेले पाने उचलून एकेक करून माझ्या पिशवीत टाकत राहिला.

"चल," मी नाक पुसत म्हटलं. "जॅक तू घे."