सुतक फिटल्याशिवाय दुसरा सिनेमा नाही

मित्रांनो, माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपलेली दिसते ना? ती खूण मी मोठ्या कौतुकाने मिरवतो. मी कंपाला शहरातल्या एका व्हिडिओ हॉलचा जुना माईक आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. नालोंगोने मला बाजारातल्या जुन्या सामानाच्या ढिगातून उचलले. तिला जुळी मुले आहेत, म्हणून सगळे तिला नालोंगो म्हणतात. हॉल तिचाच होता. वर पत्रे, खाली लाकडी बाकडी आणि समोर भला मोठा टीव्ही. आमच्याकडे परदेशी सिनेमा नुसता लावला तर कुणी बघत नाही. टीव्हीशेजारी व्हीजे बसतो आणि सगळ्यांचे बोलणे लुगांडा भाषेत स्वतः बोलून दाखवतो. आमचा व्हीजे सेबुलिबा बाप व्हायचा, लेक व्हायचा, दार वाजले तर दारसुद्धा व्हायचा. रंगात आला की त्याची थुंकी माझ्यावर उडायची, पण मला त्याचे काही वाटत नसे.

मग ती मालिका आली. बंदरावरच्या एका गुंड घराण्याची गोष्ट! म्हातारा बाप, भांडखोर मुलगे आणि सगळ्यांत हुशार लेक. सेबुलिबाने काय करावे, म्हाताऱ्याला सरळ आपल्या कुळात घालून टाकले. त्याच्या कुळाचे चिन्ह मांबा मासा, आणि कुळातली माणसे तो मासा कधी खात नाहीत. एका भागात म्हातारा चवीने मासा खाऊ लागला आणि हॉलमध्ये एकच गलका झाला.

"बघा बघा, हा आपलंच कुळ खातोय," पहिल्या बाकावरून लुबोवा ओरडला. तो भाड्याची मोटारसायकल चालवायचा आणि गिऱ्हाईक सोडून आमच्याकडे येऊन बसायचा.

सेबुलिबा जराही गडबडला नाही. "गप बस रे. आपला मांबा एवढ्याशा ताटात मावतो होय? हा दुसरा मासा आहे."

हॉल हसून लोटपोट झाला. त्या दिवसापासून म्हातारा सगळ्यांच्या घरचा झाला. दारातल्या चपातीच्या गाडीवरही त्याचीच चर्चा चाले. शेवटच्या भागात तो गेला, मधला मुलगा त्याच्या खुर्चीत जाऊन बसला आणि गोष्ट संपली.

दुसऱ्याच दिवशी सेबुलिबाने नवा सिनेमा लावला. त्यात गोळ्यांचा नुसता पाऊस होता. लोक मध्येच उठून गेले. मग त्याने विनोदी सिनेमा लावला, पण कुणी हसेना. बघता बघता बाकडी ओस पडली.

नालोंगो कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सेबुलिबा, या रविवारी बाकं भरली नाहीत ना, तर मी इथे कोळशाची पोती रचणार. कोळसा तरी लोकांना रोज लागतो."

"अहो, याहून चांगले सिनेमे मी आणू कुठून?"

लुबोवा दारात चपाती खात उभा होता. "सिनेमे चांगलेच आहेत रे," तो म्हणाला. "पण म्हाताऱ्याचं सुतक कुठे फिटलंय?"

"अरे, तो पडद्यावरचा माणूस!"

"कुळात कुणी घेतला त्याला? मग तो तुझा काका झाला की नाही? त्याच्या विधीला कुळ जमलं नाही, वारस कुणी नेमला नाही, मग सुतक फिटणार कसं? पोरगा आपणहून खुर्चीत जाऊन बसला. आणि तू दुसऱ्या दिवशी आम्हाला ढिशूम ढिशूम दाखवतोस. लाज नाही वाटत?"

सेबुलिबा माझी जाळी आपल्या सदऱ्याने कितीतरी वेळ पुसत बसला.

रविवारी दुपारी त्याने मालिकेचा शेवटचा भाग पुन्हा लावला. बातमी पसरली होती, बाकडी खचाखच भरली. पोरगा खुर्चीकडे निघाला आणि सेबुलिबाने चित्र तिथेच थांबवले. मग तो मला हातात घेऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तो प्रथमच उभा राहून बोलत होता. माझ्या अंगातून वीज सळसळत होती, ती नुसती तारेतली नव्हती.

"थांब पोरा," तो पडद्याला म्हणाला. "आपण होऊन बसायचं नसतं. कुळ बसवेल तेव्हा बसायचं."

नालोंगो उठली. तिने घरून झाडाच्या सालीचे तांबूस वस्त्र आणले होते, वारसाच्या खांद्यावर घालतात तसले. ते तिच्या वडिलांच्या विधीतले होते. तिने ते टीव्हीच्या खांद्यावर बांधले.

"आता तू बाप," सेबुलिबा म्हणाला. "दारात आलेल्याला जेवू घाल. ती बंदूक खाली ठेव. आणि बहिणीला शेजारी बसव, कारण वारसाशेजारी बहीण लागते."

बायकांनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या. लुबोवा बाकावर चढून नाचला, त्याचा धक्का लागून मी सेबुलिबाच्या हातातून निसटलो आणि डोक्यावर आपटलो. मित्रांनो, त्यासारखा सुखाचा मार मी कधी खाल्ला नाही. हॉल वाचला होता.

"आता लाव काय लावायचं ते," लुबोवा धापा टाकत म्हणाला. "पण बंदुका पुरे. घर दाखव."

मग आमच्याकडे भावाबहिणींचे, सवतीसवतींचे, जमिनीच्या वाटणीचे सिनेमे आले. वीज गेली की सेबुलिबा एक जाडजूड कादंबरी उघडायचा. तिच्यात एका कुळाच्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या, बंदूक एकही नव्हती, तरी लोक श्वास रोखून ऐकत. तेव्हा मी मुका होऊन त्याच्या मांडीवर पडलेला असे आणि मीही ऐकत असे.

पुढे लुगांडात आधीच आवाज भरलेले सिनेमे आले. मला फळीवर ठेवले गेले, माझ्यावर कोळ्याने जाळे विणले. मग एके दिवशी सेबुलिबा गेला. त्याच्या विधीला कुळ जमले, मुलाला वारस नेमून हातात भाला दिला. शेजारी बहीण बसली होती, नान्सांबा. नालोंगोने फळीवरून मला उतरवले, पुसले आणि तिच्या हातात ठेवले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढेच मी सांगणार होतो. पण आणखी एक मागतो. एक गोष्ट संपली की लगेच दुसरीकडे धावू नका. जो गेला त्याला आधी नीट निरोप द्या.

विधीच्या दुसऱ्या दिवशी हॉल भरला. म्हातारा लुबोवा पहिल्या बाकावरून म्हणाला, "पोरी, सुतक फिटलं. आता काय दाखवतेस?"

नान्सांबाने माझ्या चेपलेल्या जाळीवर फुंकर मारली.

"काका, नीट बसा," ती म्हणाली. "सांगते."