कपाळ तसेच ठेवणे

वर्ध्यातल्या आमच्या स्टुडिओतून बाईचं कपाळ कधी मोकळं गेलं नाही, असं मी चाळीस वर्षं मिरवत सांगत आले. कुंकू घामानं पुसलं गेलेलं असो की घाईत लावायचं राहिलेलं असो, रिटचिंगच्या, म्हणजे फोटो ब्रशनं सुधारायच्या, टेबलावर ते लागायचंच. विधवा आहे का, तेवढं आधी विचारायचं. बाकी कोणाला काही विचारायची मला गरज वाटत नसे. फोटो पाहिला की माणूस कळतो, ही माझी घमेंड.

१९९७च्या मार्चमध्ये सिपोरा आली. सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स, चोवीस वर्षांची. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक जुना फोटो तिनं माझ्यासमोर ठेवला. खुर्चीत नऊवारीतली बाई, मांडीवर तान्ही पोर. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात आमच्याच स्टुडिओचा शिक्का.

"मावशी, हा माह्या आजीचा फोटो कोणत्या सालचा आहे ते लिहून देता काय? मले इस्राएलले जायचं आहे."

"त्यासाठी आजीचा फोटो काऊन लागते?"

तिनं नीट समजावून सांगितलं. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आजोबा रेल्वेच्या नोकरीनं वर्ध्यात आले. भाषा मराठी, नेसणं आपल्यासारखं, गळ्यात मंगळसूत्रसुद्धा. तिचं लग्न तिकडच्या मुलाशी ठरलं होतं, आणि यहुदीपण आईकडून धरतात म्हणून अर्ज आईच्या आईवर अडला होता. आजीच्या लग्नाचा कागद हरवलेला. आई सहा वर्षांची असताना आजी वारली, त्यामुळे आईला सांगण्यासारखं काही आठवत नाही. उरला हा एकच फोटो.

"अन् मुंबईच्या कचेरीतला साहेब म्हणते, याच्यावर तारीख नाई. अन् बाईच्या कपाळावर कुंकू आहे, म्हणजे बाई यहुदी नसंन. पंधरा दिवसांत उत्तर द्या, नाईतर अर्ज बंद."

"तारखेचं मी आत्ता सांगते," मी म्हटलं. "मागच्या पडद्यावर तळं आहे, पाह्य. हा पडदा आमच्याकडे चौपन्नच्या दिवाळीत आला. छप्पन्नच्या पावसाळ्यात छत गळलं आणि या बदकाचं डोकं धुवून गेलं. इथे बदकाले डोकं आहे. तुझी आई कधीची?"

"पंचावन्न. फेब्रुवारी."

"पोर धरून बसवली आहे, मान ताठ आहे. सात-आठ महिन्यांची. म्हणजे पंचावन्नची दिवाळी, थोडं इकडे-तिकडे."

पोरीचा चेहरा खुलला. मीही खुशीत होते. कुंकवाचंही पाहून टाकू म्हणून भिंग लावलं.

ते कुंकू गोल नव्हतं. खालून किंचित उजवीकडे ओढलेलं होतं. मी डावखुरी. ब्रश उचलताना माझं कुंकू तसंच ओढलं जातं; अण्णाजी, म्हणजे माझे वडील, त्यावरून मला रोज बोलत. पंचावन्न साली मी पंधरा वर्षांची होते आणि नुकतीच रिटचिंगला बसायला लागले होते.

"काय झालं मावशी?"

"काही नाई. बस."

खरं तर ते कुंकू माझ्याच हातचं होतं. तारीख लिहून दिली असती आणि कुंकवाबद्दल गप्प बसले असते, तर कोणाला कळणार होतं? तो विचार आला, खोटं कशाला बोलू. पण गप्प बसण्यात अर्ज बुडत होता.

मी माळ्यावरची पेटी उतरवली. अण्णाजी काचेच्या निगेटिव्ह पाकिटात घालून तारखेवार ठेवत. अर्ध्या तासात पाकीट सापडलं. वर त्यांचं मोत्यासारखं अक्षर:

*सौ. मिलकाबाई एलियास किहीमकर, कन्येसह. १६ ऑक्टोबर १९५५. फोटो न्यायला शनिवारी बोलावू नये, त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार असतो. कपाळ तसेच ठेवणे.*

शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ होती. ती माझ्यासाठीच होती. मी पाकीट न वाचताच ब्रश उचलला होता.

मग सगळंच आठवलं. ती बाई फोटो न्यायला आली तेव्हा अण्णाजी गावाला गेले होते. मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "काकू, कुंकू राहिलं होतं, मी लावून दिलं." तिनं फोटोकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "छान हात आहे तुझा." ही शाबासकी मी चाळीस वर्षं जपली होती. ती शाबासकी नव्हतीच. त्या बाईनं मला सांभाळून घेतलं होतं.

"सिपोरा," मी म्हटलं, "तुझ्या आजीले हे कुंकू मी लावलं. चूक माझी आहे."

तिनं पाकीट दोनदा वाचलं आणि शनिवारवर बोट ठेवलं. मग डोळे पुसून म्हणाली, "आजी शनिवार पाळे हे आईले कोणी सांगितलंच नव्हतं."

संध्याकाळी मी त्या काचेवरून नवी प्रत काढली. औषधाच्या पाण्यात कागदावर चेहरा वर आला, आणि कपाळ स्वच्छ होतं. स्टुडिओच्या कागदावर लिहून दिलं: तारीख ही, निगेटिव्ह ही, पाकिटावरचं अक्षर माझ्या वडिलांचं. छापील फोटोवरचं कुंकू मी, सुलोचना, हिनं ग्राहकाला न विचारता रंगवलं. खाली सही ठोकली. एवढी ठसठशीत सही मी कधी केली नव्हती.

जुन्या फोटोवरचं कुंकू ओल्या कापसानं पुसून देते म्हटलं तर तिनं हात धरला. "राहू द्या. आई रोज यालेच पाह्यते."

दीड महिन्यानं अर्ज मंजूर झाल्याचं ती पेढे घेऊन सांगायला आली. पावसाळ्यानंतर गेली.

पुढच्या वर्षी तिकडून जाड पाकीट आलं. आत तिच्या लग्नाची एक निगेटिव्ह होती आणि चिठ्ठी: "मावशी, हा मोठा करून आईले देजा. दुसऱ्या कोणाकडे टाकायचा नाई, तुमच्याच हातचा पाह्यजे."

फोटो मोठा केला. सिपोरा लग्नाच्या पांढऱ्या साडीत हसत होती. तो रिटचिंगच्या टेबलावर ठेवला आणि सवयीनं हात ब्रशकडे गेला. तेवढ्यात चिठ्ठी उलटी झाली. मागे एकच ओळ होती.

"अन् कपाळ तसंच ठेवजा."

मी एकटीच खो खो हसले, आणि हसता हसता रडले. मग ब्रश धुवून डब्यात ठेवला.