मास्तरांचा घसा

मास्तर कपडे चांगलेच शिवत, पण नाव झालं होतं ते त्यांच्या प्रार्थनेचं. लग्न असो, दफनविधी असो, कोणाचं नवं दुकान असो, चर्चच्या मंडळीतल्या लोकांना पाळकसाहेबांच्या आधी मास्तर आठवत. माप घेऊन कापड बेतावं तशी त्यांची प्रार्थना प्रसंगाला बेतलेली असे. विधवेसाठी आवाज कुठे ओला करायचा, नवरदेवाच्या बापाचं नाव किती वेळा घ्यायचं, 'हे दयासागरा' म्हणून नेमकं कुठे थांबलं की शेवटच्या बाकावरूनही 'आमेन' येतं, हा सगळा त्यांच्या हातचा मळ होता. एका रविवारी तेविसाव्या मिनिटाला एक म्हातारी भोवळ येऊन पडली, तर मास्तरांनी डोळे न उघडता तिलाही प्रार्थनेत घेतलं. लोक थक्क झाले.

घरी मात्र मास्तर प्रार्थना करत नसत. यात लबाडी नव्हती हो. एवढं मोठं काम बाहेर उरकून आल्यावर घरी पुन्हा तेच कशाला, इतकं साधं. पलंगावर पडल्या पडल्या 'आमेन' म्हणायचं आणि घोरायला लागायचं. आधी काहीच मागितलेलं नसताना आमेन कशाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मग त्यांचा आवाज बसला. डॉक्टरांनी घशातली वाटाण्याएवढी गाठ काढून तपासायला पाठवली आणि बजावलं, "रिपोर्ट दहा दिवसांनी येईल. तोवर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही."

"दहाच दिवस?" मास्तरांच्या बायकोने विचारलं. "आणखी थोडे वाढवता येतील का?"

डॉक्टर हसले, तीही हसली. पण जिना उतरताना तिने मास्तरांचा हात घट्ट धरला तो रस्त्यावर येईपर्यंत सोडला नाही. मास्तरांचे थोरले भाऊ अशाच गाठीने वर्षाच्या आत गेले होते.

दुकानात मास्तर अस्तराच्या काळ्या तुकड्यावर खडूने लिहून दाखवू लागले. 'गुरुवारी या.' 'कंबर सैल हवी का?' मंडळीतली माणसं येऊन हळहळत. "आम्ही करतोय तुमच्यासाठी प्रार्थना, पण तुमच्यासारखी कुठली जमायला!" मास्तर नम्रपणे मान हलवत. त्यांनाही तसंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी दुकान बंद होतं, बायको बहिणीकडे गेली होती. मशीनवर बसल्या बसल्या मास्तरांना थोरले भाऊ आठवले. शिलाई वाकडी गेली. ते उठले, ट्रायल रूममध्ये शिरले आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. समोर आरसा होता. गुडघे टेकलेला माणूस त्यात फारच भाविक दिसत होता, म्हणून ते आरशाकडे पाठ करून बसले.

'हे स्वर्गीय पित्या,' त्यांनी मनात सुरुवात केली, 'आज आम्ही सर्व जण तुझ्या चरणी...' सर्व जण कोण? तिथे एक माणूस होता आणि खुंटीवर तीन अर्धवट पँटी. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. 'आमचे प्रिय बंधू, जे आज आजाराने...' हे प्रिय बंधू आपणच, हे लक्षात आल्यावर ते ओशाळले. मग 'हे दयासागरा' म्हणून सवयीने थांबले. आमेन आलं नाही. रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तीस वर्षं मास्तर लोकांना पोहरे भरभरून देत होते, आणि स्वतःच्या आडात मात्र त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते मनातल्या मनात म्हणाले, 'मला मरायची भीती वाटते. दादा गेला तेव्हा मी रडलो नाही. मला प्रार्थना चांगली करायची होती.'

एवढंच. आणि मास्तर रडले. पण माणसाचा स्वभाव बघा! डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत पोचलंही नव्हतं, तोच आतून आवाज आला, 'वा! देवाने मला कसं गाठलं याची ही साक्ष रविवारी मंडळीपुढे काय रंगेल! पँटींपासून सुरुवात करायची, दादापाशी जरा थांबायचं...' मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. 'हेही बघ,' ते देवाला म्हणाले, 'असा आहे मी.'

मला विचाराल तर तीस वर्षांत त्यांनी केलेली ती पहिली प्रार्थना. त्यानंतर ते रोज दुपारी पडद्याआड जाऊ लागले. गिऱ्हाइकांना वाटलं, मास्तर डुलकी काढतात.

रिपोर्ट चांगला आला. "बोला," डॉक्टर म्हणाले, आणि आवाज पहिल्यासारखा खणखणीत निघाला. बायको तिथेच खुर्चीवर बसून रडली.

रविवारी पाळकसाहेबांनी आनंदाने हाक मारली, "मास्तर, पुढे या. साक्ष द्या आणि प्रार्थना करा!"

मास्तर उभे राहिले. पहिल्या बाकावरच्या बाईंनी रुमाल आधीच बाहेर काढला होता. साक्ष बेतून, शिवून, काजं-बटणं करून जिभेवर तयार होती. नुसतं तोंड उघडायचा अवकाश! पण एकदा ती सांगितली की ट्रायल रूममध्ये ही सगळी माणसं घुसणार, आणि मग तिथे एकट्याला बसायला जागा उरणार नाही, हे मास्तरांना स्वच्छ दिसलं. त्यांनी नुसतीच मान हलवली आणि ते खाली बसले.

"घसा अजून बरा दिसत नाही," पाळकसाहेब हळहळले. "प्लंबरबंधू, मास्तरांच्या घशासाठी तुम्ही प्रार्थना करा."

प्लंबरबंधू अकरा वर्षं या संधीची वाट पाहत होते. ते सव्वीस मिनिटं थांबले नाहीत. "मास्तरांपेक्षा कांकणभर सरसच!" मागून कोणीतरी कुजबुजलं. मास्तरांना ते झोंबलं, चांगलंच झोंबलं. बाहेर पडताना जो तो त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होता, "येईल हो आवाज परत." मास्तर मान डोलावत होते.

कोपरा वळल्यावर बायको थांबली. "अहो, सकाळी मोजा सापडेना म्हणून घर डोक्यावर घेतलंत. मग तिथे काय झालं?"

"तिथे फार माणसं होती," मास्तर म्हणाले.