मनालीला निघालेली आढी

"ताई, तुमी हितं दारू पाडता का?"

प्रश्न गोदाचा आणि किरणचा. कळंबच्या त्या निळ्या पत्र्याच्या शेडवरून शाळेत जाता-येता दोघी आरोहीला डिवचायच्या, विचार की गं, दहावीत गेलीस, एवढी पण छाती नाय? शेवटी एका शनिवारी तिने फाटक ढकललं आणि विचारून मोकळी झाली. मैत्रिणी कुंपणाबाहेर, चपला हातात घेऊन पळायच्या बेतात.

शेडची मालकीण छायाताई हसली नाही की रागावली नाही. तिने फ्रिजमधून गढूळ दुधासारख्या पाण्याची एक पिशवी काढून आरोहीच्या तळहातावर ठेवली. "दारू नाय गं. जिवंत हाय ते. जपून धर."

ते यीस्ट होतं. घरच्या घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांसाठी छायाताई ते वाढवायची आणि पातळ रूपातच कुरियरने देशभर पाठवायची. थेंबात लाखो जीव, गोड पाणी मिळालं की खाऊन-पिऊन फेस काढणारे. आरोहीने त्यांची आकृती परीक्षेत मार्कांपुरती काढली होती. तीच आकृती गार होऊन हातात बसली तेव्हा तिच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या दिवसापासून तिचा रविवार शेडमध्ये. बाटल्या उकळायच्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, प्रश्न विचारून ताईचं डोकं खायचं. घरी मात्र 'गोदाकडे अभ्यास'.

जानेवारीत छायाताईचं तोंड उतरलं. तिकडे बर्फातल्या मनाली गावच्या गिऱ्हाइकांकडून तक्रारी येऊ लागल्या, पिशव्या दगडासारख्या गोठून पोचतात, यीस्ट मेलेलं निघतं. छायाताईने काय करावं? खोक्यातला बर्फ दुप्पट केला. उन्हाळ्यात इथला पत्रा तापतो तेव्हा बर्फानेच यीस्ट वाचतं, मग तिकडेही वाचेल, असा सरळ हिशेब. पुढचा खोकाही वाया गेला. जिथे स्वेटर फक्त गॅदरिंगला मिरवायला बाहेर निघतो, तिथल्या माणसाला थंडीनेही जीव जातो हे सुचणार कुठून?

सुचलं आरोहीला. "ताई, बर्फ काढा. आढी घालू."

आंब्यांची घालतात तशीच. खाली भाताचा पेंढा, वर पेंढा, मध्ये पिशव्या, आणि शेजारी ऊब धरायला कोमट पाण्याची बाटली. पेंढा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तर आंबा पिकतो. छायाताईला पटेना. कुरियरच्या खोक्यात पेंढा बघून लोक गुरांचं खाद्य समजतील, म्हणाली. आरोही हटली नाही. एक खोका बर्फाचा, एक आढीचा, दोन्ही शेजारच्या रिसॉर्टच्या फ्रीझरमध्ये ठेवायला लावले तेव्हाच गप्प बसली. सकाळी बर्फाच्या खोक्यातली पिशवी वीट झालेली. आढीतली हलवली तर डुचमळली. तसाच एक खोका मनालीला रवाना झाला.

आणि इकडे बोंब झाली. दुकानदार धाकलूकाकाने आरोहीच्या बाबांना, संतोषला, चार माणसांत गाठलं आणि विचारलं, पोरगी भट्टीवर लावली का रं?

बाबा टेंपो लावून घरात आले ते तापूनच. उद्यापासून शाळा नि घर, बास. आई, ललिता, चुलीपुढून म्हणाली, लोक दारूवाली म्हणतील, उद्या सोयरीक जुळवायची कशी? एरवी आरोहीने मान खाली घातली असती. पण दुपारीच मनालीहून छायाताईच्या फोनवर फोटो आला होता, बरणीत काठापर्यंत फेस. त्या फेसाने तिची मान ताठ ठेवली.

"बाबा, छायाताईचे खोके खालापूरला कुरियरवर कोण टाकतं?"

"मीच. ते ईस्टचे खोके ना? त्यांचं काय?"

"ईस्टचे?"

"तीच सांगते, ईस्टचे हायेत, जपून न्या. डोंबिवली ईस्ट, कल्याण ईस्ट असंल कुठंतरी. मी म्हणतो, ह्या बाईचं वेस्टला कोणी नाय का?"

आईने पदर तोंडात कोंबला, पण हसू फुटलंच. आरोहीने सांगितलं, त्या खोक्यांत यीस्ट असतं, ज्यावरून धाकलूकाका बोलला तेच. बाबांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. माझं भाड्याचं काम, ते म्हणाले, मी गडी माणूस, तू पोरीची जात.

इथेच ठिणगी पडली.

"मी नेलं तर भट्टी, तुमी नेलं तर भाडं? हळदीच्या रात्री मांडवामागं बाटली फुटते तिथं तुमी उभे असता. धाकलूकाका पण असतो. तुमची सोयरीक मोडली नाय. मी थेंब चाखत नाय. मी जीव जगवते. मेलेले पोचत होते, माझ्या आढीनं जिवंत पोचले."

आई हसायची थांबली. बाबा आरोहीकडे बघत राहिले, जणू टेंपोत आज कोणी अनोळखी पॅसेंजर बसलाय.

"ऐका," आरोही म्हणाली. "रविवारी मी छायाताईकडे जाणार. गोदाचं नाव आता सांगणार नाय, धाकलूकाकाच्या दुकानासमोरून जाणार. दहावीनंतर सायन्स घेणार, ह्याच जिवांचं शिकायला. तुमी टेंपोत घेतलंत तर पुढं बसून जाईन, नाय घेतलंत तर चालत. मी विचारत नाय बाबा, आई, सांगतेय."