साडेबारा

मी एक जुनी ब्युरेट हाय. पन्नास मिलीची काचेची नळी, अंगावर रेघा, खाली तोटी. सोनपेठच्या एका कॉलेजात स्टँडला अडकून हाय. मित्रांनो, माझं नाव तुमी ऐकलं असंल. हात लावला का, ते मी इचारत न्हाई. उत्तर मला माहीत हाय.

ज्या कारागिरानं मला केलं, त्यानं एक एक रेघ जपून मारली. त्याला वाटलं, लेकरं थेंब थेंब मोजतील. भोळा माणूस.

इथं पोरं काय करतात? मागच्या वर्षीच्या पोरांची वही आणतात. १०.२ लिहितात. रीडिंग, म्हंजी माझ्यातून किती मिली सोडलं ते, तीनदा घ्यायचं असतंय, म्हणून तीनदा १०.२ लिहितात. लय कष्ट. मग समोसे खायला जातात. माझी तोटी अकरा वर्षं गळत होती, एकाला कळलं न्हाई.

कळलं ते निकिताला. एसटीनं यायची. लॅबच्या सटवाजीमामाला म्हणली, "मामा, ही गळायली की."

"गळू दे. तुला काय तिच्यात पाणी भरून ठिवायचंय?"

दुसऱ्या दिवशी पोरीनं घरून व्हॅसलीनची डबी आणली. तोटी काढली, पुसली, बोटानं पातळ लावलं, फिरवून बसवली. गळणं बंद.

मग परीक्षा आली. प्रॅक्टिकलचे तीस मार्क. सकाळी सटवाजीमामाला दिसलं, परमँगनेटचं द्रावण कमी हाय. त्यानं बाटली नळाखाली धरली आन् पाण्यानं भरली. रंग जांभळाच राहिला, पण जोर गेला. आता ते जास्त लागणार, हे माझ्यासारख्या काचेला कळतंय. एकानंबी इचार केला न्हाई. सगळ्यायनी १०.२ लिहिलं.

निकितानं मात्र करून बगितलं. फ्लास्कमधी गरम अॅसिड, वरून माझा थेंब. गुलाबी यायचा, जायचा. यायचा, जायचा. मग एक थेंब पडला आन् फिकट गुलाबी टिकला. ती वाकली, डोळा रेघेला लावला. १२.५. परत केलं. १२.५. तिसऱ्यांदाबी तेच.

बालाजी शेजारून कुजबुजला, "निके, येडी झालीस का? १०.२ टाक की!"

सोळंके सर आले. "सगळ्यायचं १०.२ आन् तुझंच साडेबारा? खोड ते."

"सर, मला साडेबाराच दिसायलंय."

"मार्क गेले तर माझ्यापाशी रडत येऊ नको मग."

तिनं पेन खाली ठिवला. खोडलं न्हाई.

बाहेरून आलेल्या परीक्षकानं नेमकी तिचीच वही उचलली. "हे काय? करून दाखव." मित्रांनो, तवा मी घाबरले. तोटी गळली असती तर पोरगी खोटी पडली असती. न्हाई गळली. द्रावण गडद, म्हणून तिनं वरची कड बगितली. १२.५. मग गणित मांडलं: अॅसिडचा जोर ०.१ गुणिले अॅसिड १० मिली, भागिले १२.५. उत्तर ०.०८, म्हंजी द्रावण पातळ झालेलं.

"मग बाकीच्यायचं १०.२ कसं?" परीक्षकानं इचारलं.

सोळंके सर म्हणले, "सर, चहा गार व्हायलाय."

परीक्षकानं चहा पिला. निकिताला तीस दिले, बाकीच्यायला अठ्ठावीस. न बगता लिहायची शिक्षा दोन मार्क. स्वस्त हाय.

निकिता परभणीला शिकायला गेली. तिची वही इथंच राहिली. यंदा सोळंके सरांनी तीच वही पोरांपुढं टाकली. "ही घ्या. तीस मार्काची हाय."

यंदा द्रावण ताजं हाय. खरं रीडिंग १० च्या आसपास यायला पाहिजे. वर्गात चाळीस वह्या हायत. चाळीसमधी १२.५.

व्हॅसलीन वाळलंय. मी परत गळायले.

मित्रांनो, तिचा आकडा घेऊ नका, तिची डबी आणा. आन् तेवढंबी जमत नसंल तर मला फरशीवर टाकून फोडा. काचा गोळा करायला तरी कुणीतरी वाकून बगंल.